अण्णांची बसकी गाडी

शाहूपुरीत आदाप्पा चौगुल्यांच्या माडीवर मी भाड्यानं राहायला गेलो, तेव्हा त्यांनी मला विचारलेला पहिला प्रश्न भाड्याबद्दल नव्हता.

"तुमी झोपंत चालत न्हाईसा न्हवं?"

मी म्हटलं, नाही बुवा.

"तसं न्हवं, जिना उभा हाय. बघून घेतलेलं बरं की."

दुसऱ्याच दिवशी सुतार बोलावून त्यांनी जिन्याच्या तोंडाशी लाकडी फाटक बसवून घेतलं. मी विम्याच्या कचेरीत नोकरी करणारा, लग्नाच्या वयाचा चांगला धडधाकट माणूस. पण त्या घरात होतो तोवर रोज तान्ह्या पोरासारखा फाटक लावून झोपलो. न लावून सांगता कोणाला? खालून हाक यायचीच, "फाटक लावलं काय वं?"

ही सत्तर सालानंतरची गोष्ट. आदाप्पांना सगळी पेठ अण्णा म्हणायची. गुळाची अडत होती त्यांची, वडिलांपासून चालत आलेली. माणूस अंगापिंडानं दांडगा. पांढरं धोतर, पांढरा सदरा, काळी टोपी, आणि आवाज असा की सौद्याला उभे राहिले की शेजारच्या दुकानातला सौदा थांबायचा. असा माणूस दिवसाचे बारा तास घाबरलेला असतो हे कोणाला सांगूनही पटलं नसतं. आणि गंमत म्हणजे स्वतःच्या जिवाची त्यांना काडीची फिकीर नव्हती. गुदामात नाग निघाला तर हमाल बाहेर पळायचे आणि अण्णा नुसतं पोतं घेऊन आत जायचे, त्याला धरून ओढ्याकाठी सोडून यायचे. जैनाचं घर, मारायचा प्रश्नच नव्हता. त्यांची भीती सगळी दुसऱ्यांसाठी होती. बायको, मुलगी, भाडेकरू, हमाल, रस्त्यानं जाणारा सायकलवाला, कोणीही चालायचं.

सिनेमाला गेले तर दाराजवळची खुर्ची. नाटकाला गेले तर आधी पंख्याखाली कोण बसलंय ते बघून त्याला उठवायचे. "पंखा जुना हाय पावणं, जरा हिकडं सरका." तो बिचारा पैसे मोजून बसलेला. त्याला वाटायचं हा माणूस डोक्यानं अधू आहे. एकदा कोडोलीला एका लग्नाला आम्ही बरोबर गेलो होतो. अण्णांना मांडवाचा एक खांब कच्चा वाटला. त्यांनी यजमानांना सांगून पाहिलं, पण लग्नघरात खांबाकडं बघायला कोणाला सवड असते? मग बघून घेतलेलं बरं म्हणून अण्णांनी स्वतःच तो धरून हलवला. त्यांच्या हाताची ताकद ती! खांब उपटून आला आणि अर्धं छत बँडवाल्यांच्या अंगावर बसलं. कोणाला लागलं नाही, एक सनई तेवढी चेपली. सगळे अण्णांवर धावून आले, तर अण्णा विजयी मुद्रेनं उभे. "बघा! मी सांगत न्हवतो?"

दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण व्हायचं आणि मग ते माझ्याकडं माडीवर यायचे. मी विमा कचेरीत मोटारींच्या अपघातांचे अर्ज बघतो हे त्यांना कळलं, तेव्हापासून एकही संध्याकाळ त्यांनी चुकवली नाही. खुर्चीच्या कडेवर बसायचे आणि विचारायचे, "आज काय आलं?" मी टाळाटाळ करायचो. अशा माणसाला अपघात सांगणं म्हणजे तापकऱ्याला बर्फाचा गोळा चारणं. पण ते खोदून खोदून काढून घ्यायचे. कुठं झाला, वळण होतं का, गाडीत बाईमाणूस होतं का. शेवटी एक उसासा टाकून उठायचे. मला वाटायचं, आता हा माणूस झोपणार नाही. आणि खरंच, खाली त्यांच्या येरझारा ऐकू यायच्या.

त्यांच्याकडं एक जुनी फियाट होती, दुधी रंगाची. ती ते स्वतः चालवायचे, कारण ड्रायव्हर ठेवला तर त्याला डुलकी लागेल ही भीती. त्यांचं चालवणं म्हणजे बैलगाड्या मागून येऊन पुढं जायच्या. दोन स्टेपन्या, चाकाला लावायला दोन दगड, पाण्याचा डबा, दोर, कंदील, एवढा संसार डिकीत. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणायच्या, "हेंच्यासंगं गावातल्या गावात म्हाद्वार रोडला जायचं तरी वाटंत खायाला बांधून घ्यावं लागतंय."

एकुलती एक मुलगी पद्मा, तिला घाटाखाली दिली होती, खारेपाटणच्या अलीकडच्या एका गावात. जावई धन्यकुमार, भाताचा आणि नारळाचा व्यापार, मालाची गाडी स्वतः चालवायचा, स्वभावानं शांत मुलगा. स्थळ चांगलं होतं, पण मध्ये गगनबावड्याचा घाट होता, आणि या एका कारणासाठी अण्णा हे लग्न मोडायला निघाले होते असं काकू सांगायच्या. लग्नानंतर पद्माला एकदा दिवस गेले आणि पाचव्या महिन्यात हातचं गेलं. त्या आठवड्यात मी अण्णांना पहिल्यांदा गप्प बसलेलं पाहिलं. दीडेक वर्षानं पुन्हा बातमी आली. या वेळी सगळं ठीक चाललं होतं. सातवा लागला की पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणायची रीत. त्यात इथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं, की आणा, पण जपून आणा, गचके बसता कामा नयेत. एस.टी.नं आणायचं नाही हे सांगायला नकोच होतं. म्हणजे फियाटनं, घाटातून.

झालं! अण्णांचं अन्न कमी झालं. त्यात गगनबावड्याच्या बाजूला गुळाच्या वसुलीला गेले असताना त्यांनी घाटाच्या तोंडाशी एक मोटार उलटलेली पाहिली. चाकं वर, आणि एक चाक वाऱ्यानं हळूहळू फिरत होतं. माणसं बाहेर येऊन बिडी ओढत बसली होती, म्हणजे फार काही झालं नव्हतं. पण अण्णांच्या डोळ्यांपुढून ते फिरणारं चाक हलेना. त्या संध्याकाळी माझ्याकडं आले ते खुर्चीवर बसलेच नाहीत.

"गाडी उलाटती कशामुळं, सांगा."

"वेगामुळं," मी म्हटलं. "तुमची उलटायची तर कोणीतरी ढकलावी लागेल."

"उंचीमुळं," ते म्हणाले. "ढेपंवर ढेप रचत गेलं की ढीग कलांडतोय. बसका ढीग कधी कलांडत न्हाई. गाडी बसकी पायजे."

मी हसलो. हसायला नको होतं असं नाही म्हणत मी, कारण ते हसण्यानं किंवा न हसण्यानं थांबणारे नव्हतेच. दोन दिवसांत त्यांनी उद्यमनगरात कुठल्याशा शेडमध्ये गाडी नेऊन पुढच्या स्प्रिंगा कापून घेतल्या, मागचे पाटे उतरवून घेतले, आणि गाडी घरी आणली. अंगणात उभी होती ती फियाट, पण पोटावर बसलेल्या म्हशीसारखी. काकू दारातूनच ओरडल्या, "हिला काय झालं वं? हवा गेली काय?"

"हवा न्हाई गेली. आता उलाटत न्हाई ती," अण्णा म्हणाले. कित्येक दिवसांत त्यांचा चेहरा इतका मोकळा दिसला नव्हता.

चार दिवस गेले, आणि बिद्रीच्या बाजूला एका शेतकऱ्याकडं जायचं म्हणून ते मला बरोबर घेऊन निघाले. दिवस उसाचे. रस्ताभर कारखान्याला जाणाऱ्या उसाच्या बैलगाड्यांची रांग. गाडी डावीकडं ओढत होती हे मला बाजूला बसूनही कळत होतं. अण्णा उजवीकडं स्टिअरिंग धरून ठेवत होते, हाताच्या शिरा ताठलेल्या, कपाळावर घाम. एका खड्ड्यात पुढचं चाक आदळलं आणि गाडी सरळ उसाच्या गाडीकडं निघाली. बैलाचं शिंग माझ्या खिडकीला घासून गेलं. बैलाचा श्वास माझ्या तोंडावर आला, एवढंच मला आठवतं. अण्णांनी कसाबसा ब्रेक लावला.

गाडी बाजूला घेऊन ते खाली उतरले आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसले. गाडीवान शिव्या देत होता, त्या त्यांना ऐकूच येत नव्हत्या.

"पद्मा आत असती तर?" ते म्हणाले.

मला त्यांचा राग आला होता. चांगली चालती गाडी या माणसानं काळजीपोटी मोडून ठेवली होती, मांडवाच्या खांबासारखी. पण मी डिकीतला पाण्याचा डबा काढून त्यांच्यापुढं धरला.

गाडी लक्ष्मीपुरीतल्या इस्माईल मिस्त्रीकडं गेली. इस्माईल म्हणजे तोंडाचा फटकळ, कामाचा गर्विष्ठ. तीन पिढ्या टांग्यांची चाकं बनवण्यात गेलेल्या, त्यामुळं चाक म्हटलं की जगात आपल्यासारखा कोणी नाही असं मानणारा. गाडीपुढं उभा राहून त्यानं आधी पोटभर हसून घेतलं. मग म्हणाला, "शेट, स्प्रिंग कापायच्या आदी मला इचारायचं न्हाईसा व्हय? चाकं वरनं आत झुकल्यात, म्होरनं फाकल्यात. टायर बघा, आतल्या अंगानं खाल्लाय."

"परत पैल्यागत कर."

"कापलेली स्प्रिंग जोडत न्हाईत. नवी म्हमईस्नं मागवाय लागंल. ती येस्तवर तुमच्या नातवाचं बारसं हुतंय." मग अण्णांचा चेहरा बघून तो जरा खाली आला. "घाबरू नका. अलायमेंट करून देतो. दोरीगत सरळ जाईल."

करून दिली त्यानं. एकटे अण्णा बसले की गाडी दोरीसारखी सरळ जायची. पण काकूंना आणि शेजारच्या दोघांना बसवलं की पुन्हा डावीकडं. अण्णा गाडी घेऊन परत गेले. मीही होतो. दोघांची अशी जुंपली की गल्ली गोळा झाली.

"भरलेली न्यायची हाय म्हणून सांगायचं न्हाईसा व्हय?" इस्माईल ओरडला. "कापल्या स्प्रिंगंवर माणूस बसलं की चाक हाललंच!"

"रिकामी गाडी कोण कशाला नेईल रं?" अण्णा त्याच्याहून वरच्या पट्टीत.

खरं म्हणजे चूक इस्माईलची होती आणि त्याला ती कळली होती. तो थोडा वेळ गाडीभोवती फिरला, मग म्हणाला, "ही आता सादी गाडी ऱ्हायली न्हाई. कोण कुठं बसणार, किती वजनाचं, ते सांगा. तेवढं वजन आत ठेवतो आणि त्या वजनावर चाकं बांधतो. मग मातर त्येच्यापेक्षा जास्त माणूस घालायचं न्हाई. घातलं तर मी जबाबदार न्हाई."

अण्णांना असं काहीतरी करायला मिळालं की त्यांची भीती जरा कामाला लागायची. घाट चढताना पुढं अण्णा आणि मी, मागं पद्मा आणि धन्यकुमार, असं ठरलं. अण्णांना आणि मला अडतीच्या काट्यावर जोखलं गेलं. हमालांनी माझं वजन मोठ्यानं पुकारलं आणि वर हसले. राहिले घाटाखालचे दोघे. अण्णांनी तातडीनं कार्ड टाकलं: पद्माचे व जावईबापूंचे वजन किलोत कळवावे, कारण समक्ष सांगू.

उत्तर विहीणबाईंचं आलं. पद्माच्या सासूबाई. "आमच्याकडे सून जोखून घेतली नाही आणि जोखून परत देणार नाही. पोटभर खाते की नाही ते समक्ष येऊन बघावे."

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. "आवो, सासरी कुणी पोरीचं वजन इचारतंय व्हय? त्यास्नी वाटलं, पोरगी उपाशी ठेवल्यात म्हणून आमी इचारतोय!"

अण्णांना ते कळतच नव्हतं. गुळाच्या माणसाला वजन विचारण्यात काय वावगं? शेवटी तीस वर्षं ढेप बघून वजन सांगणाऱ्या नजरेनं त्यांनी पद्माचा आणि जावयाचा लग्नातला फोटो समोर ठेवला, पद्माच्या वजनात सात महिने मिळवले, आणि त्या हिशेबाच्या ढेपा काढायला सांगितल्या. काकू आत निघून गेल्या.

आणि मग इस्माईलच्या शेडमध्ये ती दुपार आली. पुढच्या सीटवर अण्णा आणि मी, हलायचं नाही या अटीवर. मागच्या सीटवर, गादी घालून, पोरीच्या जागी ढेपा आणि जावयाच्या जागी ढेपा, गोणपाटात गुंडाळलेल्या. इस्माईलनं मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणली, ओळंबा सोडला, आणि गाडीखाली आडवा झाला. ऊन वाढलं, गुळाचा वास सुटला. थोड्या वेळानं अण्णा ताठ झाले.

"मिस्त्री, थांब. दोरीवर मुंग्या हायत."

गोणपाटातून पाझरलेला गूळ इस्माईलच्या हातांना लागला होता आणि हातांचा दोरीला. मुंग्यांची एक रांग मागच्या चाकाकडून पुढच्या चाकाकडं शिस्तीत चालली होती. इस्माईलला दोरी छेडून बघायची होती, आणि अण्णा छेडू देईनात. झटकायच्याही नाहीत. फुंकरसुद्धा हळू.

"आवो शेट, मुंग्या हायत त्या!"

"जीव हाय. लेकीसाठी गाडी सरळ करायलोय, आणि जीव मारून करू व्हय? जाऊ देत त्यास्नी."

इस्माईलनं माझ्याकडं पाहिलं. मी काय करणार, मला हलायची परवानगी नव्हती. मग तो तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत बाहेर गेला, पुढच्या चाकापाशी चिमूटभर गूळ टाकून आला, आणि आम्ही तिघं मुंग्या उतरायची वाट बघत बसलो. अण्णा दोरीकडं टक लावून होते. त्या मोठ्या चेहऱ्यावर घामाचे ओघळ होते आणि त्यांना ते पुसायचंही सुचत नव्हतं. मला तेव्हा जाणवलं की या माणसाशी थट्टा करायची माझी हौस आता संपली आहे. गाडी त्या दिवशी खरोखर सरळ झाली. भरलेली घेऊन इस्माईलनं स्वतः पन्हाळ्याच्या रस्त्यावर नेली आणि हात सोडून दाखवले. अण्णांनी डोळे मिटून घेतले होते, त्यामुळं त्यांनी ते पाहिलं नाही.

जाताना मागच्या सीटवर त्याच ढेपा ठेवल्या, वजन बिघडू नये म्हणून. शिवाय लेकीच्या सासरी रिकाम्या हातानं जायचं नसतंच. घाट आम्ही उतरलो तो कसा, हे मी सांगत नाही. प्रत्येक वळणाला अण्णा हॉर्न वाजवून थांबायचे, मी उतरून पुढं कोणी येतंय का ते बघायचं, मग गाडी हलायची. पायथ्याशी पोचलो तेव्हा माझे पाय दुखत होते.

पण डांबरी संपली आणि पद्माच्या गावचा जांभ्या दगडाचा रस्ता लागला, तसा खालून धाडकन आवाज आला. बसकी गाडी दगडावर बसली होती. पहिल्या उंचीची असती तर आरामात गेली असती. आता एक वावही पुढं जाईना. गाडी तिथंच झाडाखाली ठेवून आम्ही चालत गेलो आणि ढेपा बैलगाडीनं आल्या.

विहीणबाई ओटीवर उभ्या होत्या. देहानं अण्णांच्या तोडीस तोड, आणि नजरेनं वरचढ. पद्मा आतून आली. गाल वर आलेले, चेहऱ्यावर तेज, पाऊल जड. अण्णा तिच्याकडं बघत राहिले. बाप म्हणून बघत होते यात शंका नाही, पण मी त्यांच्या बाजूला होतो. त्यांच्या ओठांवर आकडे हलत होते.

"अंदाज बराबर आला," ते मला हळूच म्हणाले.

"पाहिलंत ना?" विहीणबाई म्हणाल्या. "आता मी स्वतः तिला तुमच्या घरी पोचवणार आहे, आणि तुमच्या बाईंच्या देखत हातात हात देणार आहे. नंतर बोल नको."

अण्णांचा चेहरा उतरला. पाचवं माणूस, आणि तेही असं! मला वाटलं आता ते इस्माईलची अट सांगतात आणि दोन्ही घरांचा संबंध इथंच तुटतो. पण तेवढं त्यांना कळत होतं. ते कसनुसं हसले आणि म्हणाले, "या की. तुमचंच घर हाय." रात्रभर ओटीवर त्यांच्या येरझारा मी ऐकल्या.

सकाळी पद्माला बैलगाडीत बसवून मोटारीपर्यंत आणायचं होतं. मोटार उलटेल म्हणून खाली बसवून घेणाऱ्या माणसाच्या लेकीला शेवटी बैलगाडीत बसावं लागलं, हे मला दिसत होतं आणि अण्णांनाही दिसत होतं. ते गाडीची कड धरून सबंध वाट चालले. चाक दगडावर चढलं की त्यांचा खांदा गाडीला लागायचा आणि ते अख्खी गाडी पेलून धरायचे.

"अण्णा, गाडीत बसा की," पद्मा म्हणायची.

"तू बघू नको. तू बस."

मोटारीत पाच जण बसलो. अण्णांनी गाडी हलवली आणि घाटाच्या पायथ्यापर्यंत पोचेपर्यंत मागचं चाक प्रत्येक खड्ड्याला वरच्या मडगार्डला घासत होतं. जळक्या रबराचा वास यायला लागला. शिवाय गाडी डावीकडं ओढत होती, आणि या घाटात चढताना दरी कुठल्या बाजूला आहे ते येताना आम्ही चांगलंच पाहून ठेवलं होतं. चहाच्या टपरीपाशी अण्णांनी गाडी थांबवली, उतरले, चाकाला हात लावून पाहिला आणि तिथंच उभे राहिले.

मी उतरलो. "मी एस.टी.नं येतो मागून. हलकी होईल."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमचं वजन ते किती हो? तुमी उतरून काय हुतंय?" मग त्यांनी गाडीत वाकून पाहिलं. विहीणबाई, पद्मा, जावई. पुन्हा ओठ हलले. आणि मला कळलं ते काय करतायत. जावई स्टिअरिंगवर बसला, विहीणबाई जावयाच्या जागी मागं राहिल्या, मी होतो तिथंच राहिलो, तर इस्माईलनं बांधलेलं वजन जवळपास जमत होतं. जास्तीचं माणूस एकच उरत होतं.

"जावईबापू, तुमी चालवा," ते म्हणाले.

काकूंना घेऊन देवळापर्यंत जातानाही ज्यांनी गाडी दुसऱ्याच्या हातात दिली नव्हती, त्यांनी किल्ली काढून धन्यकुमारच्या हातात ठेवली. धन्यकुमार म्हणाला, "मामा, तुम्ही?" तर म्हणाले, "एस.टी. येती की. जातोय मी. तुमी हळू जावा. दुसऱ्याच्या वर गेर घालू नका. पदमे, घट्ट धरून बस. विहीणबाई, तिला टेकू द्या." विहीणबाईंनी पद्माला जवळ ओढून घेतलं.

पुढं काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो, वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. काही झालं नाही. गाडी दोरीसारखी सरळ चढली, चाक एकदाही घासलं नाही. अण्णा दुपारच्या एस.टी.नं आले. पद्माला मुलगी झाली, आणि तिच्या पाळण्याच्या दोऱ्या अण्णांनी किती वेळा ओढून पाहिल्या ते काकूंना विचारा. पुढं माझी बदली झाली. अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या घाटानंतरही मी त्यांना कितीदा तरी भेटलो होतो, पण आठवायला बसलो की शेवटचे म्हणून ते मला त्या पायथ्याशीच दिसतात.

धन्यकुमारनं गाडी सुरू केली. मी मागं वळून पाहिलं. अण्णा रस्त्याच्या अगदी मधोमध उकिडवे बसले होते. धोतर धुळीत, टोपी मागं सरकलेली, मान जमिनीकडं झुकलेली, एक डोळा मिटलेला. पद्मा मागच्या काचेतून हात हलवत होती, "अण्णा! अण्णा!" म्हणत होती. त्यांनी तिच्याकडं पाहिलंच नाही.

"अण्णा बगत न्हाईत माझ्याकडं," ती म्हणाली.

"चाकं बघतायत," मी म्हणालो.

तेवढ्यात त्यांच्या पाठीमागून एक भरलेला मालट्रक आला. हॉर्नवर हॉर्न देत, पार त्यांच्या पाठीशी. पद्मा किंचाळली, "अण्णा, सरका! अण्णा, मागं बगा!" विहीणबाईही ओरडायला लागल्या. अण्णा हलले नाहीत. आमच्या चाकांवरचा डोळा न काढता त्यांनी फक्त एक हात मागं केला आणि पंजा उघडून त्या एवढ्या मोठ्या ट्रकपुढं धरला. ट्रक थांबला. ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन शिव्या देत होता, आणि आम्ही वळणाआड जाईपर्यंत तो हात खाली आला नाही.